'इतर' नावाचं बटण

कुणी मला शिकवायला लागलं की आधी माझं डोकं फिरतं. चाळिशी उलटली तरी ही खोड गेलेली नाही. तेव्हा तर मी चोवीस वर्षांची होते. देवासच्या बस स्टँडसमोर एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये वेबसाइट बनवायच्या कामाला लागून चार महिने झाले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. सेंटरच्या मालकांना सगळे भिया, म्हणजे भैया, म्हणत, म्हणून मीही भियाच म्हणायचे. एका सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर चाळीसेक पानांचा गठ्ठा आणून टाकला. इंटरनेटवरून काढलेली इंग्रजी पानं होती आणि वर लिहिलं होतं, इन्फर्मेशन आर्किटेक्चर. मी म्हटलं, भिया, आर्किटेक्ट घरं बांधतात, मला याचं काय? ते म्हणाले, पहले पढ़ ले, फिर मुँह चलाना.

डिक्शनरी घेऊन चार दिवस ती पानं वाचली. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस नुसती चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी थोडं डोक्यात शिरायला लागलं. वेबसाइट छान दिसणं वेगळं आणि तिच्यात हवी ती गोष्ट सापडणं वेगळं. काय कशाखाली ठेवायचं, त्या गटाला नाव काय द्यायचं, माणूस कुठून आत येईल आणि किती ठिकाणी क्लिक करून त्याला हवं ते मिळेल, हे सगळं आधी कागदावर ठरवायचं. रंगबिंग नंतर. तेव्हा फोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं, एकेक पान उघडायला माणसाचा जीव जायचा, त्यामुळे चार पानं आत लपवून ठेवलेली गोष्ट म्हणजे नसल्यातच जमा होती.

चौथ्या दिवशी भियांनी मला वही देऊन बस स्टँडच्या पूछताछ खिडकीपाशी दोन तास उभं केलं. लोक काय विचारतात ते लिहून आण म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत उभी राहिले. खिडकीच्या वर एवढा मोठा बोर्ड होता, त्यावर कुठल्या डेपोच्या किती गाड्या ते ओळीनं लिहिलेलं. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. सोनकच्छवाली कहाँ लगेगी, लोहारदा की आखिरी कितने बजे, बस एवढंच. माझ्या वहीत साठेक प्रश्न जमले आणि डेपोचं नाव एकानंही काढलेलं नव्हतं. परत आले तेव्हा भियांनी वही चाळली आणि म्हणाले, "बोर्ड रखनेवाले ने अपने हिसाब से लिखा है. तू ढूँढनेवाले के हिसाब से रखना." एवढं एक वाक्य मी त्यांच्याकडून न चिडता घेतलं असेल.

त्याच आठवड्यात मराठी मंडळाचं काम आलं. इथे थोडं सांगायला हवं. माळव्यात मराठी माणसं दोन तऱ्हेची. एक धारची जुनी घरं, जी मराठ्यांच्या दरबाराबरोबर आली आणि तिथेच राहिली. दुसरे आमच्यासारखे, बाबांच्या पिढीत कारखान्याच्या नोकरीसाठी देवासला आलेले. एरवी दोघांचं फारसं जमत नाही, ते आम्हाला कालचे समजतात आणि आम्ही त्यांना उगाच ताठ. पण मुलामुलींची लग्नं म्हटलं की दोघांचं घोडं एकाच जागी अडतं, मराठी स्थळ आणायचं कुठून. त्यासाठी मंडळाची एक जाडजूड वही होती. ती धारला सचिवकाकांकडे असायची. सत्तरीच्या घरातले, जुन्या घरातले, मऊ बोलणारे पण एक इंचही न हलणारे. पाच आठवड्यांनी धारला वधू-वर मेळावा होता आणि तोवर त्या वहीची वेबसाइट करून हवी होती. भियांनी ते काम मला एकटीला दिलं. हे नीट झालं तर शिकाऊ म्हणून नाही, पक्की कामाला घेतो, असंही म्हणाले. मला ती खुर्ची हवी होती, आणि लपवत नाही, फार हवी होती.

त्याहून जास्त मला हवं होतं ते ताईचं लग्न.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. एका खाजगी शाळेत गणित शिकवायची. तिचं लग्न झालं होतं, अडीच वर्षांत मोडलं आणि ती घरी आली, त्यालाही चार वर्षं झाली होती. का मोडलं ते मी इथे सांगणार नाही, ते तिचं आहे. आईनं एकदा धारला जाऊन तिचं नाव मंडळाच्या वहीत घालून घेतलं होतं. पुढे धारला काकांकडच्या एका हळदीकुंकवाला ताईनं ती वही पाहिली. आधीच्या पानांवर सगळ्या मुली, मूळ गावाप्रमाणे, रत्नागिरीच्या, सांगलीच्या, वाईच्या. आणि अगदी शेवटचं पान, वर काकांच्या वळणदार अक्षरात 'इतर'. त्यात दोन विधवा, तीन घटस्फोट झालेल्या, पायानं अधू असलेली एक, पस्तिशी ओलांडलेल्या दोघी, आणि त्यांच्यात ताई. दुसऱ्या दिवशी तिनं आईला काकांना फोन करायला लावून, इतक्यात लग्न करायचं नाही म्हणून नाव काढून टाकायला सांगितलं.

त्यामुळे वेबसाइटसाठी तिला तयार करायला मला नऊ दिवस लागले. मी तिच्या मागे हात धुऊन लागले. म्हटलं, इथे दारोदार कुणी तुझी चौकशी करणार नाही, ज्याला वाचायचं तो घरी बसून वाचेल, तू स्वतःच्या शब्दांत लिही. शेवटी ती एका अटीवर कबूल झाली. मला अजून तिचा आवाज ऐकू येतो, भाजी निवडता निवडता वर न बघता म्हणाली होती, "मला त्या शेवटच्या पानावर घालू नकोस. बाकी काय वाटेल ते कर."

मी म्हटलं, वेडी आहेस का, पानं मी करतेय.

आम्ही दोघी हिंदी शाळेत शिकलेल्या. ताईला मराठी बोलायला अडचण नव्हती, लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. तिनं चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं ते असं: गणित शिकवते. स्वयंपाक येतो, रोजचा. पहाटे उठायची सवय आहे. एकदा लग्न झालं होतं, ते संपलं, विचारलंत तर खरं ते सांगेन. मला लहान मुलं आवडतात. खोटं बोललेलं आवडत नाही. एवढंच. मी वाचून म्हटलं, हे काय, बायोडेटा आहे की नोटीस? ती हसली, पण एक शब्द बदलू दिला नाही.

मी कामाला लागले. काकांनी बसच्या ड्रायव्हरबरोबर धाडलेल्या फॉर्मांचे मुद्दे एकेका चिठ्ठीवर उतरवले, नावं गाळून, आणि आमच्या कॉलनीतल्या चार काकूंना घरी बोलावलं. भियांच्या कागदांत हे सांगितलं होतं, चिठ्ठ्या लोकांसमोर टाका आणि त्यांना त्यांच्या मनानं गट करू द्या. काकूंनी चहा पीत पीत सतरंजीवर गट पाडले आणि मी बघत राहिले. मुलगी कुठल्या गावी नांदायला जाणार, मुलगा काय शिकलाय, नोकरी कसली, यावर गट पडत होते. मूळ गाव एकीनंही आधी पाहिलं नाही. एकीला मी विचारलं, तर म्हणाली, ते ठरायच्या वेळी बघू की. एक चिठ्ठी मात्र प्रत्येकीकडे उरायची, घटस्फोटाची, आणि ती कुठे ठेवायची म्हणून सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी म्हणायचे, नोकरी आहे ना तिला, मग नोकरीवाल्यांत ठेवा. ठेवायच्या. एवढी सोपी गोष्ट होती ती.

आराखडा घेऊन मी धारला गेले. काकांनी बसवलं, पोहे दिले, मग चष्मा लावून माझा कागद बघितला आणि बाजूला सारला. आपल्यात पहिला प्रश्न असतो मूळचे कुठले, म्हणाले, तो वर नसेल तर ही आपली सूचीच नव्हे. माझं टाळकं सटकलं. मी तासभर भांडले. काका, तुमच्या वहीत ज्यांच्यापुढे वाई लिहिलंय त्यांच्या घरात आठ पिढ्यांत कुणी वाई पाहिलेली नाही. आमच्या कॉलनीतल्या मुलींना विचारा मूळ गाव, त्या आईला हाक मारतात. ज्याला देवासची मुलगी हवी त्यानं सोळा गावांची दारं वाजवायची का? बस स्टँडचा बोर्डही सांगून टाकला. काका चक्क हसले. बरं, म्हणाले, वर शहर, शिक्षण, नोकरी ठेव, मूळ गाव आत घाल. मला आभाळ ठेंगणं झालं. काकांना हलवणारी मी पहिलीच असेन.

आणि तेवढ्यात त्यांनी कागदावर बोट ठेवलं. 'इतर' कुठे आहे?

मी ते काढून टाकलं होतं. त्या सगळ्यांना बाकीच्यांत घालून प्रत्येक फॉर्ममध्ये आधीच्या लग्नाची एक ओळ दिली होती. काकांनी मान हलवली. हे व्हायचं नाही, म्हणाले, लोक आपल्या मुलींचे फॉर्म परत मागतील. मी म्हटलं, बायको वारलेले चार पुरुष तुम्ही पुढच्या पानांवर ठेवलेत, ते? मुलांचं वेगळं असतं, म्हणाले, त्यांना नोकऱ्या आहेत. मी म्हटलं, माझ्या बहिणीलाही नोकरी आहे. ते रागावले नाहीत, उलट आणखी मऊ झाले.

"तुझं एक ऐकलं, माझं एक ऐक. नाहीतर वही आहेच आपली, ती चालतेय."

ताई त्या क्षणी आठवली नाही असं मी म्हणणार नाही. चांगली आठवली. पण माझा आराखडा मान्य झाला होता, खुर्ची डोळ्यांसमोर होती, आणि मी स्वतःला सांगितलं की हे तात्पुरतं आहे, मेळावा झाला की बदलू. भियांच्या त्या कागदांत या असल्या गटाबद्दल स्पष्ट लिहिलं होतं, करणाऱ्याचा विचार करून झाला नाही की तो असा गट करतो, आणि त्यात टाकलेलं कुणाला सापडत नाही. भियांनी त्याखाली लाल रेघही मारली होती. मला पाठ होतं ते. मी काकांना म्हटलं, ठीक आहे.

देवासला आल्यावर ताईनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, मूळ गाव आत गेलं. ती खूश झाली. म्हणाली, तू भारीच आहेस गं. मी आणखी काहीच सांगितलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. तेव्हा वेबसाइटवर देवनागरी दिसायला समोरच्या कॉम्प्युटरमध्ये तोच फॉन्ट लागायचा, नाहीतर नुसते चौकोन दिसायचे, म्हणून मी प्रत्येक बटण चित्र म्हणून बनवत होते. 'इतर'चं बटण सगळ्यात शेवटी बनवलं, सगळ्यात खाली, राखाडी रंगात. ताई रोज जेवताना विचारायची, कुठवर आलं? मी म्हणायचे, होतंय. आणि मग मी तिच्यावरच खेकसायचे, सारखं काय विचारतेस म्हणून.

मी ठरवलं होतं की काहीही होवो, ताईचा फॉर्म नोकरीवाल्यांत घालायचा. साठ-सत्तर नावांत काकांना काय कळणार आहे? मेळाव्याच्या तीन दिवस आधी सकाळी मी तो तिथे घातला. दुपारी काका दारात उभे. वही काखोटीला मारून धारहून आले होते, एकेक फॉर्म ताडून बघायला. माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि वहीत एकेक खूण करत गेले. मग ताईचं पान उघडलं. त्यांनी त्या सहा ओळी दोनदा वाचल्या. म्हणाले, हिनं स्वतः लिहिलंय? बरं लिहिलंय. हिचं नाव आता वहीत नाही, पण राहू दे. फक्त जागा चुकलीये.

मी म्हटलं, काका, एवढं एक राहू द्या ना. एवढंच.

ते म्हणाले, तुझ्या बहिणीला एक नियम आणि बाकीच्या मुलींना दुसरा, हे बरं दिसेल का? यावर काय बोलणार? खरं तर पुष्कळ बोलता आलं असतं. त्या सगळ्याच मुली तिथून बाहेर काढा, असं बोलता आलं असतं. काका शेजारी बसून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मी माझ्या बहिणीला उचलून 'इतर'मध्ये ठेवलं.

मेळाव्याला येऊ नकोस म्हणून मी ताईला फार सांगितलं. ऊन आहे, इंदूरला गाडी बदलावी लागते, गर्दी असते. ती ऐकेना. तिनं शाळेतून सुट्टी घेतली होती. म्हणाली, तुझं पहिलं काम आहे, मी नाही बघायचं तर कुणी?

धारच्या त्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला होता. इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून सगळी साइट त्यातच भरून नेली होती. मी शेजारी स्टूलवर बसले होते. लोकांची रांग लागली आणि खरंच सांगते, लोकांना पटापट सापडत होतं. एक आजोबा म्हणाले, वहीत तास गेला असता. काका तर जो येईल त्याला माझी ओळख करून देत होते. आणि मी सारखी रांगेकडे बघत होते, कारण रांगेत शेवटी ताई उभी होती. पुढे ये म्हटलं तर आली नाही. सगळ्यांसारखी उभी राहिली.

तिची पाळी आली. मी म्हटलं, थांब, मी दाखवते, आणि माउस पकडला. तिनं माझा हात अलगद बाजूला केला. मला सापडतं का बघू दे, म्हणाली.

तिनं आधी शहर उघडलं, त्यात देवास. अकरा नावं होती, तिनं एकेक वाचलं. मग मागे आली. शिक्षण उघडलं, पदवीधर बघितलं, मागे आली. नोकरी उघडलं. शाळेत शिकवणाऱ्या तिघी होत्या, तिघींची पानं उघडून बघितली. मागून कुणीतरी म्हणालं, अहो, आवरा की जरा. ती 'हो हो' म्हणाली आणि पुन्हा शहरात गेली, या वेळी इंदूर, न जाणो चुकून तिथे पडलं असेल म्हणून. मला बोलायचं होतं. आता बोलू, आता बोलू करत मी तिच्या कानातल्या कुड्यांकडे बघत बसले. माउसचा बाण खाली गेला, त्या राखाडी बटणावरून फिरला आणि तिनं तो वर आणला. तिनं तिथे क्लिकच केलं नाही. मी तिथे ठेवलं असेल अशी तिला शंकासुद्धा आली नाही.

ती उठली. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "माझा फॉर्म राहिला वाटतं गं."

मी म्हटलं, हो. राहिला.

परतीच्या गाडीत ती माझी समजूत घालत होती. तिनं माझी समजूत घालावी! एवढ्या घाईत एखादं राहणारच, म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, आणि आता घालूही नकोस, बरंच झालं. बाकी सगळ्यांचं किती चटकन सापडतं, मी बघत होते ना. मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला स्वतःचा इतका राग आला होता की तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटर उघडल्या उघडल्या मी एक काम केलं. मेळाव्यात शंभरेक लोकांनी साइट पाहिली होती, त्यातलं कुणीतरी ताईला सांगेल की तुझं 'इतर'मध्ये वाचलं, ही भीती मला स्वस्थ बसू देईना. म्हणून मी तिचं पान काढून टाकलं. फॉर्म राहिला असं मी म्हटलं होतं, तर तो राहिलेला असला पाहिजे. बाकीच्या सगळ्यांना मी 'इतर'मधून वर आणू शकले असते, पण तो विचार मेळाव्यानंतरच्या एकाही दिवशी मी पुढे सरकू दिला नाही. भियांनी मला पक्कं केलं. आईनं शिरा केला आणि ताईनं मला पेन आणून दिलं.

महिन्याभरानं काकांचा सेंटरवर फोन आला. नवे फॉर्म धाडले आहेत, असं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, अभिनंदन आत्ताच करत नाही, साखरपुडा होऊ दे, पण मला आनंद झालाय. मी विचारलं, कसला? तर म्हणाले, तुझ्या बहिणीचं जमलं ना. मंडळात ही रीत होती, मला ती माहीत असायला हवी होती. मुलीचं नाव काही कारण न सांगता काढून घेतलं की जमलं समजायचं आणि साखरपुडा होईस्तोवर कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही, विचारायचं तर मुळीच नाही.

मी कसंबसं म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? सांगायला कशाला हवं, म्हणाले. धारचे एक गृहस्थ आहेत, बायको वारलेली, पाच वर्षांची मुलगी आहे, सरकारी कचेरीत आहेत. त्यांनी मेळाव्यात 'इतर'मध्ये तिचं वाचलं होतं. मग घरी विचार केला, आईशी बोलले आणि पुन्हा साइट बघायला गेले तर पान नाही. दोनदा फोन केला मला, देवासची ती शिक्षिका कुठे गेली म्हणून. मी सांगितलं, जमलं असावं.

त्यांचं पान मीच टाइप केलं होतं. नोकरीवाल्यांत होतं ते.

मी म्हटलं, काका, जमलेलं नाही हो, चुकून निघालं, तुम्ही त्यांना आत्ता फोन करा. मग म्हणाले, परवाच त्यांचं धामनोदच्या मुलीशी ठरलं. शब्द गेलाय आता. असं कसं केलंस पोरी, म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं, आणि त्यामुळे मला त्यांच्यावर चिडतासुद्धा येईना.

संध्याकाळी घरी गेले. आई देवळात गेली होती. ताई ओट्यावर बसून परीक्षेचे पेपर तपासत होती. मी चपला न काढता तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. धारचे पोहे, आराखडा, काका शेजारी बसलेले, 'इतर', मग पान काढून टाकलं ते, आणि तो फोन. काही झाकलं नाही. तिनं ओरडावं, दोन थोबाडीत माराव्या असं मला वाटत होतं. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, ते नक्की काय म्हणाले काकांना? मी म्हटलं, देवासची ती शिक्षिका कुठे गेली. तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग विचारलं, दोनदा फोन केला? मी म्हटलं, दोनदा.

तिचे डोळे भरून आले. पेपरावर पडू नये म्हणून तिनं गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला.

"तिथेच राहू द्यायचा होतास ना गं फॉर्म."

आणि माझा स्वभाव बघा, अशा वेळीसुद्धा मी फटकन उलट बोलले. म्हटलं, तूच म्हणाली होतीस, शेवटच्या पानावर नको म्हणून.

"म्हणाले होते," ताई म्हणाली. "तेव्हा मला कुणी शोधत येईल असं वाटलं नव्हतं."